डाव्या डोळ्याचं पीक प्रात्यक्षिक

युरियाच्या गोणीसोबत काहीतरी घ्यावंच लागतं, हे चौसाळ्याच्या धर्मराजच्या आता अंगवळणी पडलं होतं. मागच्या वर्षी गंधक घेतलं, त्याआधी कसलंसं टॉनिक, एकदा तर शेतीच्या मासिकाची वर्गणी. याला लिंकिंग म्हणतात आणि ते कायद्यानं बंद आहे. म्हणून दुकानदार त्याला लिंकिंग म्हणत नाहीत, 'सोबत' म्हणतात. यंदा सोबत डोळ्याखालच्या सुरकुत्या घालवायचं क्रीम आलं होतं.

धर्मराजनं यंत्रावर अंगठा उठवला, पावती निघाली, आणि मग दुकानदार अजिनाथनं गोणीवर ती इवलीशी नळी ठेवली.

"हे कोणत्या पिकाला मारायचं?"

"चेहऱ्याला," अजिनाथ म्हणाला. "वरून आलंय भाऊ. गोणी अन् नळी जोडीनंच मिळतंय."

"आरं, माझा मका गुडघ्याला लागलाय अन् पिवळा पडायलाय. वाफसा हाय तवर युरिया पडला पायजे. सुरकुत्या ऱ्हाऊ दे बे माझ्या!"

"सुरकुत्या ठेवून युरिया न्हाई मिळत."

सोबत धर्मराजची लेक संस्कृती होती. बीडला डी. फार्मसी करते, सुट्टीला आलेली. तिनं नळीवरची बारीक अक्षरं वाचली. "अण्णा, यात रेटिनॉल हाय. त्यानं नवी कातडी यायला मदत होती, पण लई सावकाश. हायल्युरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवतं, म्हणून कातडी टवटवीत दिसती. अन् कॅफिननं डोळ्याखालची सूज जराशी उतरती."

"कॅफिन म्हंजी?"

"चहात असतं ते."

"मंग दिसातून चार येळा पितो की मी! एक तरी सुरकुती हालली का?"

"अन् रेटिनॉल लावल्यावर उन्हात फिरायचं न्हाई."

"न्हाई फिरायचं? मंग खुरपायला काय कंपनी येणार हाय का?"

नळीची किंमत ऐकून मात्र धर्मराजचं डोकंच फिरलं. गोणी तिथंच टाकून तो तालुक्याच्या कृषी कचेरीत गेला आणि त्यानं रीतसर लेखी तक्रार दिली. माणूस आयुष्यात एकदा तरी ही चूक करतोच.

तक्रार रविराज साहेबांच्या टेबलावर आली. साहेब अत्यंत कर्तव्यदक्ष होते. "नळीवर 'सक्रिय घटक' छापलंय," ते गंभीरपणे म्हणाले. "नुसतं क्रीम असतं तर मी हात झटकले असते. पण सक्रिय घटक हा आमचा विषय आहे." दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानात येऊन गोणीला आणि नळीला लाखेचं सील ठोकलं.

"साहेब, तक्रार क्रीमची हाय. युरिया सोडा की!"

"दोन्ही जोडीनं मिळतं, हे तुम्हीच लिहून दिलंय. तक्रार जोडीची, तर सीलही जोडीलाच."

धर्मराज शेजारच्या गावातल्या दुकानात गेला. तिथल्या यंत्रानं सांगितलं की त्याचा युरिया त्याला मिळालेला आहे. अंगठा उठला होता ना! तो तिसऱ्या दुकानात गेला. तिथलं यंत्रही तेच म्हणालं. सरकारी यंत्रांची आपसात कधी भांडणं होत नाहीत, हे एक बरं असतं. इकडे मका रोज थोडा थोडा पिवळा पडत होता.

प्रयोगशाळेतून नळीतल्या क्रीमच्या नमुन्याचा अहवाल आला. घटक छापल्याप्रमाणे आहेत. मात्र परिणाम दिसण्यास बारा आठवडे नियमित वापर आवश्यक. साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे फसवणूक झाली की नाही, हे बारा आठवडे वापरल्याशिवाय ठरवता येणार नाही. प्रात्यक्षिक घ्यावं लागेल."

"कुणावर?"

"तक्रारदारावर. डावा डोळा प्रात्यक्षिकाचा, उजवा तुलनेसाठी. उजव्याला काही लावायचं नाही."

प्रात्यक्षिक म्हटलं की पाटी लागते. धर्मराजच्या दारात पाटी लागली: 'प्रात्यक्षिक क्षेत्र: डावा डोळा. शेतकऱ्याचे नाव: धर्मराज. मात्रा: मटाराच्या दाण्याएवढी.' प्रात्यक्षिकापुरतं नळीचं सील निघालं, गोणीचं राहिलं. उन्हात जायला मनाई झाली. तो ओसरीत बसून राहिला आणि त्याची बायको मंजुळाबाई एकटी मका खुरपत राहिली.

"डोळ्याला येळच्या येळी खुराक, अन् मक्याला कावून न्हाई वो?" एका दुपारी मंजुळाबाई बोटभर कणीस त्याच्यापुढं धरून म्हणाली. कणसात दाणे होते सहा-सात. धर्मराजला भडभडून आलं. इतक्या वर्षांत असं कणीस त्यानं पाहिलं नव्हतं. नेमके पाहणीला आलेले रविराज साहेब ओरडले, "डावा डोळा ओला करू नका! रडायचं तर उजव्यानं रडा!"

बारा आठवडे भरले तेव्हा मक्याचा कडबा झाला होता. पाहणीला चार गाड्या आल्या. साहेब लोकांनी रांग लावून भिंगातून डावा डोळा पाहिला. दोन सुरकुत्या खरोखरच पुसट झाल्या होत्या. उजव्या डोळ्याभोवती नव्या किती पडल्या, ते मोजलं नाही. तुलनेच्या क्षेत्रात असं व्हायचंच. सक्रिय घटक परिणामकारक ठरले, लाभार्थ्यास लाभ झाल्याने तक्रार निकाली निघाली आणि गोणीचं सील सन्मानानं तोडण्यात आलं. आत युरियाचा दगड झाला होता.

"आता ह्याचं काय करू साहेब?"

"फोडा आणि टाका. खतच आहे."

"पण मका गेला की वो!"

"मक्याबद्दल तुमची तक्रार नाही," साहेब कागद चाळून म्हणाले.

मग फोटो निघाला, डाव्या बाजूनं. कोवळं ऊन, तुकतुकीत गाल, डोळ्याखाली सुरकुती नाही, खाली ठळक अक्षरांत 'समाधानी बळीराजा'. ती अर्ध्या पानाची जाहिरात तुमच्याही पेपरात आली होती. सकाळच्या चहाबरोबर तुम्ही ती नीट पाहिलीत. "बघा, कसा टवटवीत आहे! आणि म्हणे शेतीत काही राहिलं नाही," असं घरात मोठ्यानं म्हणालातही. आणि मग चष्मा लावून क्रीमचं नाव उतरवून घेतलंत.