बारदान वजा

३ जून २०२४, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. माझी संशोधन शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे पेढे अम्मीने शेजारच्या आप्पांना नेऊन दिले. आप्पांनी तोंडभर आशीर्वाद दिला, कोपरीच्या खिशातून ताणकाटा काढला, खोके त्याला अडकवले आणि काटा डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले, "भाभी, दुकानदारानं गंडवलं तुमाला. पुठ्ठ्याचं बारदान वजा केलं, तर पाव किलो भरत न्हाई."

कर्जतच्या मार्केट यार्डात आप्पांनी मापाडी म्हणून धान्य तोलण्यात हयात घालवली. रिकाम्या पोत्याचे वजन, म्हणजे बारदान, वजा केल्याशिवाय मालाचे वजन खरे मानायचे नाही, हा तिथला नियम निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या सृष्टीला लागू केला. गॅसची टाकी ते दारातच तोलून घेतात. एसटी वेळेवर सुटली, तर तिच्यात काहीतरी बिघाड असणार असे त्यांना वाटते. कुणी स्तुती केली की स्तुतीतले बारदान किती, याचा ते मनात हिशेब करतात. कुणी चिडलेच, तर उत्तर ठरलेले: "काट्याला नातं नसतं." पत्नीच्या मागे ते एकटेच राहतात. एकुलती एक मुलगी सुनंदा नेवाशाहून फोन करते. "मी बरी आहे" असे ती म्हणाली, की आप्पा फोन ठेवून जावयाला लावतात आणि खातरजमा करून घेतात.

गणपतीच्या सुमारास आप्पांचे पोट दुखू लागले, चेहरा पांढरा पडला. नगरच्या डॉक्टरांना जठराच्या भिंतीत गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला आणि अहवाल आला: सी-किट पॉझिटिव्ह. आधी गोळ्यांनी गाठ लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया, असे ठरले. आप्पा मात्र अहवाल घेऊन परतले आणि गोळ्या आणल्याच नाहीत असे त्यांनी जाहीर केले.

"किट पॉझिटिव्ह हाय, मी न्हाई," त्यांनी गल्लीला समजावले. "करोनात पाहिलं न्हवं का? किट खराब निघायचं आन चांगला मानूस कोंडला जायचा. ह्यांनी तर दोष किटात हाय म्हनून कागदावरच लिहून दिलंय."

गल्लीला हे पटले. एकाने ग्राहक मंचाचा पत्ताही दिला.

मी दिवाळीच्या सुटीत घरी आले, तेव्हा अम्मीने बॅग उतरवू न देताच मला आप्पांकडे पाठवले. पेशींच्या पृष्ठभागावर असलेली, बाहेरचा निरोप आत पोहोचवणारी प्रथिने हाच माझा अभ्यासविषय; 'किट' हे त्यांपैकीच एकाचे नाव. आप्पांनी आधी माझीच तपासणी केली. त्या लॅबवाल्यांची आणि माझी कंपनी एकच आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मी विद्यापीठात आहे म्हटल्यावर त्यांचा संशय थोडा उतरला, पुरता नाही.

मी त्यांच्याच भाषेत मांडणी केली. किट म्हणजे पेशीवरचा काटा. वाढीचा निरोप आणणारे प्रथिन पारड्यात पडले तरच तो हलायचा आणि पेशी वाढायची. तुमच्या गाठीत तो काटा बिघडला आहे. पारडे रिकामे असतानाही हलतो, आणि पेशी वाढतच राहतात.

आप्पांनी खिशातला ताणकाटा चाचपला. "म्हंजे काटाच फितूर झाला."

"हो. गोळी त्याला शून्यावर धरून ठेवते."

त्यांना पटले. तरीही गोळी घेतो असे ते म्हणेनात. आता संशय मला आला. ज्याला मुद्दा पटतो पण कृती पटत नाही, त्याचा आक्षेप दुसरीकडे असतो. अहवालाचा दुसरा कागद त्यांनी मघापासून मांडीखाली दाबून ठेवला होता. तो मी मागितला.

त्यांनी दाराकडे पाहिले. "पोरी, डॉक्टर जीन म्हनला. जीन म्हंजे बियानंच न्हवं का? हे एका पोत्यातलं हाय का सगळ्या खळ्यातलं?"

सुनंदाला तेव्हा सातवा महिना होता. तिला आजाराचा शब्दही कळवलेला नव्हता.

"किटच खराब असंल तर बरं," ते खाली बघत म्हणाले. "न्हाई तर मी लेकीच्या पदरात काय घातलं?"

त्यांनी पुढे केलेला कागद रक्ततपासणीचा होता. मी तो दोनदा वाचला. हा दोष क्वचित रक्तातून पुढे जातो, म्हणूनच डॉक्टरांनी रक्तही पाहिले होते. रक्तात दोष नव्हता. तो फक्त गाठीत होता.

"एकाच पोत्यातलं आहे, आप्पा. तुमच्यापाशीच थांबतं."

"काटा दाखव."

मी इंग्रजी ओळीवर बोट ठेवले. त्यांना ती वाचता येत नव्हती, तरी त्यांनी बराच वेळ पाहिली. मग खिशातून, ताणकाट्याच्या मागून, गोळ्यांचे पाकीट काढले आणि पाणी मागितले. मी आधी त्यांना भाकरी खायला लावली.

सुनंदाला त्यांनी त्याच आठवड्यात सगळे सांगितले. पुढच्या तपासणीत गाठ आकसलेली दिसली. आप्पांचा रंगही हळूहळू उजळला. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरही तोच काटा असतो आणि गोळी तिथेही त्याला धरून ठेवते. गल्लीला अर्थातच क्रीमचा संशय आला. आप्पांनी खुलासा केला, "रंग बदललाय, वजन तेच हाय."

संक्रांतीनंतर सुनंदा बाळाला घेऊन माहेरी आली. दवाखान्याच्या वजनावर आप्पांचा विश्वास असणे शक्यच नव्हते. खाली गादी अंथरली गेली, दुपट्याची झोळी झाली, ताणकाटा तुळईला टांगला गेला. सुनंदाने झोळीखाली दोन्ही हात धरले. नात झोळीत जांभई देत होती. आप्पा तिच्याकडेच पाहत होते. काट्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

"आप्पा, बारदान?" मी विचारले.

"राहू दे. तेबी तिचंच हाय."

मी आकडा टिपून घेतला: दुपट्यासकट तीन किलो शंभर ग्रॅम.