अडीच फुटी कव्हर

प्रिय ईशा आणि अमेय,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. ईशा म्हणाली, "आजी, तुझ्या पाठीमागे भिंतीवर तो एवढा मोठा चौकोन कसला? त्यावर तर जवळजवळ काहीच नाहीये." आणि मी फोन फिरवला तेव्हा अमेय म्हणाला, "आजी, तुझ्या खिडकीला पडदा का नाही? गल्लीतून कोणालाही तू दिसतेस." दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते कॉलवर सांगण्याइतकं लहान नाही. शिवाय सोमवारी रंगारी येणार आहेत, तेव्हा चार दिवस तो चौकोन उतरवावा लागेल. उतरवण्याआधी लिहून ठेवते. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहिते आहे, कारण जनूभाऊंचं बोलणं इंग्रजीत घातलं की ते जनूभाऊंचं राहत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

जनूभाऊ आमच्या बोईसरच्या घरासमोर राहायचे. त्यांच्याकडे रेकॉर्डची एकशे चार कव्हरं होती आणि रेकॉर्ड एकही नव्हती. पालघरमधलं एक जुनं रेडिओचं दुकान बंद झालं, तेव्हा त्यांनी तिथला सगळा गठ्ठा आणला. आतल्या काळ्या तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळून मनोरच्या भाच्याला देऊन टाकल्या आणि कव्हरं स्वतः ठेवली. "ऐकायचं काम त्याचं, बगायचं काम माजं," असं म्हणाले.

रोज दुपारच्या चहानंतर ते एक कव्हर खुर्चीत बसवायचे, स्वतः समोर स्टुलावर बसायचे आणि त्याच्याकडे मुलगी बघायला आलेल्या माणसासारखे बघायचे. मग निकाल. "ह्या बाईचं नाव येवढं मोठं छापलंय, तिला गायला जागाच नाय उरली." किंवा, "हा मानूस सतार घेऊन बसलाय, पन फोटोवाल्यानं मागं गुलाबाची कुंडी ठेवलीय. आता मानूस बगू का कुंडी?"

त्यांचं एक पालुपद होतं: "डोळ्याला पाट मांडला का?" घरी पाहुणा आला की आधी त्याला बसायला पाट द्यायचा, मग पाणी, मग बाकीचं. डोळ्याचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. चित्र असो, दुकान असो, नाहीतर नाटकाचा सेट, नजर आत आली की तिला टेकायला एक रिकामी जागा हवी. ती नसेल तर डोळा दारातूनच परत जातो. हे सांगताना ते उजव्या हाताची तर्जनी नाचवायचे. ती पहिल्या पेरापाशीच संपत होती. तारापूरच्या कापडगिरणीत सत्तावीस वर्षं ते मागावर होते, त्यात पुढचं बोट गेलं. "मागानं घेतलं," एवढंच सांगत.

मागानं त्यांचे कानही घेतले होते, पण हे मात्र ते सांगत नसत. त्या खडखडाटात इतकी वर्षं उभं राहून त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं होतं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. गल्लीला माहीत आहे, हे फक्त त्यांना माहीत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून ते पुष्कळ ओळखायचे, आणि ओळखता आलं नाही की "बरोबर हाय" म्हणायचे. भाजीवाला म्हणाला, "काका, कोथिंबीर संपली," की हे म्हणणार, "बरोबर हाय," आणि पिशवी उघडून उभे राहणार.

त्यांची बायको म्हणजे आपल्या इंदूवहिनी. त्या एडवणच्या. लग्नाच्या हळदीला, मांडवाला बायका जी जुनी गाणी म्हणतात, ती त्यांच्याइतकी कोणाला येत नसत. पार दातिवऱ्यापर्यंतची लोकं त्यांना न्यायला यायची. गिरणीतून निवृत्त होऊन जनूभाऊ घरी बसले तेव्हा वहिनींच्या गाण्याला ऐन बहर होता, आणि ऐकणाऱ्यांत एक नवरा तेवढा नव्हता. पूर्वी त्या नवऱ्याला हाक मारायच्या, "अवो, ऐकलं का?" नंतर केव्हातरी त्यांनी ती हाक बदलली. पदर हलवून म्हणायच्या, "अवो, बगितलं का?"

आता दुकानाची गोष्ट. बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर एक साड्यांचं मोठं दुकान आहे. जनूभाऊ दर गुरुवारी त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. दुकान कधी आत शिरून बघायचं नसतं, पलीकडून बघायचं, हा त्यांचा नियम. तिथून ते अर्धा तास काचेकडे कपाळाला आठ्या घालून बघत. आतला विक्रेता ओरडायचा, "चाचा, अंदर आओ ना! बाहर से क्या मिलेगा?" जनूभाऊ हात वर करून सांगायचे, "बरोबर हाय!"

शेवटी शेठ स्वतः रस्ता ओलांडून आले. हा माणूस सरकारी खात्यातला असावा, अशी त्यांना शंका होती. मी तेव्हा बरोबर होते, म्हणून पुढचं संभाषण मला शब्दशः आठवतं.

"काका, काही चुकलंय का आमचं?"

"शेठ, तुमच्या काचेत पंगत बसलीय. एकवीस साड्या, आनि सगळ्या एकदम वाढा वाढा करतायत. एक ठेवा. बाकीच्यांना आत पाठवा."

"एकच साडी?"

"एक साडी, आनि बाजूला मोकळी जागा. डोळ्याला पाट मांडा."

शेठला काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच तसं केलं. मोठ्या थोरल्या काचेत एकच गर्द हिरवी साडी. संध्याकाळपर्यंत निम्म्या बोईसरमध्ये बातमी पसरली, की दुकान बंद होतंय, माल संपत आलाय. बायकांची ही झुंबड! दिवाळीला झाली नसेल इतकी विक्री झाली. शेठ पेढे घेऊन आले. जनूभाऊ मात्र नाराज. "लोकं घाबरून आली, बगून नाय आली," म्हणाले. पेढे खाल्ले.

नाटकाचीही तीच तऱ्हा. एडवणच्या हौशी मंडळींचं नाटक होतं, आम्ही तिघं दुसऱ्या रांगेत. ऐकू न येणाऱ्या माणसाची कुजबुज कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. ऐन भांडणाच्या प्रसंगात ते माझ्याकडे वळून 'हळूच' म्हणाले, "बाई, हा सोफा मेलाय! दरवाज्याकडं पाठ करून बसलाय! आता ती पोरगी घरात शिरली तरी बापाला दिसनार कशी?" ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. सोफ्यावरचा बाप वाक्य विसरला. इंदूवहिनींनी पदराआड तोंड लपवलं. पण पुढच्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा सोफा फिरवलेला होता. मुलगी दारात आली, बापानं तिला पाहिलं आणि एकाही वाक्याशिवाय सगळं नाट्यगृह गप्प झालं. मग टाळ्या. जनूभाऊंनी आजूबाजूचे हात हलताना बघितले आणि सगळ्यांचं संपल्यावर एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

मग इंदूवहिनींच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची होती, घाबरण्यासारखी नव्हती, पण काढायला हवी होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशननंतर आवाज बदलू शकतो, गाणं कदाचित जमणार नाही. हातात तीन आठवडे होते. मी माझ्या सवयीप्रमाणे वही काढली, गाण्यांची यादी केली आणि ठरवलं, की आपण सगळी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची.

आमच्या पुढच्या खोलीत पंखा बंद करून आम्ही बसलो. जनूभाऊ आलेच. वहिनींच्या बरोबर समोर स्टूल ओढून बसले, जसे कव्हरासमोर बसत तसे. वहिनी एक हात कानामागे धरून, डोळे मिटून गायच्या, आणि ते त्यांच्या गळ्याकडे, ओठांकडे, खांद्यांकडे बघत राहायचे. तिसऱ्या गाण्यात वहिनी श्वास घ्यायला थांबल्या. जनूभाऊ मोठ्यानं म्हणाले, "झकास झालं!" गाणं अर्धंच झालं होतं. वहिनी हसल्या आणि ते गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. त्या 'झकास'सकट ते पहिलं रेकॉर्डिंगही मी पुसलेलं नाही.

अकरा गाणी झाली. मी ती पेनड्राइव्हवर घातली आणि जनूभाऊंना दाखवली. त्यांनी तो बोटाएवढा तुकडा उलटासुलटा केला.

"ह्याचं कव्हर किती इंची?"

"याला कव्हर नसतं, जनूभाऊ."

"मग लोकांना कळनार कसं, आत काय हाय?" आणि थोडं थांबून, "मी करतो."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला सळो की पळो केलं. सकाळी सातला दारात. "बाई, चौथं गानं कसं हाय? मला ठाऊक हाय, पन तुमचं मत पायजे." मी म्हणायची, संथ आहे, शेवटी वर चढतं. "वर म्हंजे किती? शोकेसच्या वरच्या फळीयेवढं?" मी सांगायला कमी पडले, याची मला अजून लाज वाटते. एवढी वर्षं मुलांना कविता शिकवल्या, पण गाणं कसं आहे ते एका माणसाला सांगता येईना. शेवटी मी कागदावर रेघ काढून चढउतार दाखवले. त्यांनी कागद लांब धरून बघितला. "हा तर ताप आलेल्या मानसाचा तक्ता झाला," म्हणाले आणि परत केला.

नंतर त्यांनी विचारणं बंद केलं. वहिनी सांगायच्या, "रोज संध्याकाळी मला समोर बसवतात आनि गा म्हनतात. मी गाते. हे बगतात."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मोठं घेऊन आमच्या घरी आले. मी चकित झाले. "जनूभाऊ, कव्हर बारा इंची असतं ना?"

"बारा इंची पलीकडनं दिसत नाय. अडीच फूट केलंय."

मग त्यांनी मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. गल्ली ओलांडून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत इंदूवहिनींच्या शेजारी उभं राहायला लावलं. स्वतः आमच्या पुढच्या खोलीत गेले. माझा धुऊन इस्त्री केलेला पडदा त्यांनी सरळ दांडीसकट काढला, आणि कव्हर समोरच्या भिंतीवर टांगून बाजूला उभे राहिले.

तुम्ही बघितलंय ते. सगळीकडे सायीचा रंग, रिकामा. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात एक कान आणि त्यामागे धरलेला हात.

मला वाटलं, आपल्याला कळलं. "वहिनी, तुमचाच हात! गाताना तुम्ही अगदी असाच धरता. सुरेख!"

नऊ पावलांची गल्ली, आणि वहिनींची लांबची नजर चांगली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "बाई, हा माजा हात नाय. बोट बगा."

मी बघितलं. कानामागच्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपत होती.

पलीकडे जनूभाऊ उभे होते. दर गुरुवारी ते रस्त्यापलीकडून दुसऱ्यांच्या काचा बघायचे, आज ते स्वतः दुकानाच्या बाजूला होते, आणि तोंडावर निकालाची वाट बघणाऱ्याचा भाव होता. आम्ही काय बोललो ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. वहिनींनी पदर हलवला. आणि कितीतरी वर्षांनी जुनी हाक मारली, "अवो, ऐकलं का?"

त्यांनी ओठ वाचले. या वेळी 'बरोबर हाय' म्हणाले नाहीत. गल्ली ऐकत होती, तरी मान हलवून म्हणाले, "नाय. नाय ऐकलं." मग अर्ध्या बोटानं आधी तो कोपरा दाखवला, मग वरची सगळी मोकळी जागा. "मी येवढाच. बाकी सगळा पाट तुजा."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आवाज मात्र घोगरा झाला आणि गाणं गेलं. कव्हर मी उतरवून त्यांच्या घरी पोचवायला निघाले, तर जनूभाऊ रागावले. "घरात ठेवून तिला दिसनार काय? शोकेस तुमच्याकडं हाय." म्हणून ते आमच्या भिंतीवरच राहिलं. वहिनी भाकरी थापताना मान वर करतात, तेव्हा त्यांना ते समोर दिसतं.

जनूभाऊ मागच्या वर्षी गेले. एकशे चार कव्हरं मनोरच्या भाच्यानं नेली आणि तबकड्या ज्याच्या त्याच्या कव्हरात परत घातल्या.

रंग झाला की कव्हर त्याच खिळ्यावर परत लागेल. पेनड्राइव्ह कपाटाच्या दुसऱ्या खणात, निळ्या डबीत आहे. अकरा गाणी आहेत, तिसरं दोनदा आहे. इंदूवहिनी समोर आहेत. खिडकीला पडदा नाही.

तुमची,
आजी