पिवळ्यावर पांढरं

रंगाच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या मासिकाच्या कचेरीत कोणी नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. मुखपृष्ठं मी करतो. त्यामुळे नव्या अंकासाठी लिंबासारखा पिवळा रंग, वर एक जाडजूड काळा शब्द आणि त्याखाली नाजूक पांढरी अक्षरं असा बेत मी मांडला, तेव्हा संपादकांनी नाक मुरडलेलं मला बिलकुल रुचलं नाही. पिवळ्यावर पांढरं कुणाच्या बापाला दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, रस्त्यापलीकडून वाचून दाखवतो!

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. खरे मथळे अगदी शेवटी हातात पडतात. तोवर नमुन्यावर काहीतरी भरायचं म्हणून आम्ही मनात असेल ते लिहून टाकतो. माझ्या मनात त्या दिवसांत एकच विषय होता. सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि माझी आरामखुर्ची, माझा रिमोट आणि माझा सकाळचा पेपर त्यांच्या ताब्यात गेला होता. तेव्हा जाड काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘सासूबाई’. आणि खाली नाजूक पांढऱ्यात, ‘परत कधी जाणार?’

छापलेला नमुना घेऊन मी घराजवळच्या पेपरवाल्याकडे गेलो. त्याने तो इतर मासिकांच्या मधोमध टांगला. मी रस्ता ओलांडून बसथांब्यावर उभा राहिलो, डोळे बारीक केले आणि अभिमानाने बघू लागलो.

“काय बघताय एवढं, जावईबापू?”

भाजीची पिशवी घेऊन सासूबाई शेजारीच उभ्या! काही नाही, बस बघतोय, असं मी पुटपुटलो. पण त्यांची नजर माझ्या नजरेमागून थेट पलीकडे पोचली होती. त्यांना जवळचं वाचायला चष्मा लागतो. लांबचं मात्र घारीसारखं दिसतं, याचा त्यांना कोण अभिमान.

“सासूबाई,” त्यांनी मोठ्याने वाचलं. थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. “अगं बाई! तुमचंच का हो हे?”

नाही म्हणायची सोय नव्हती. कोपऱ्यात आमच्या मासिकाचं नाव ठसठशीत लाल रंगात होतं, आणि तेही मीच केलेलं. मी मान हलवली. आता खालची ओळ वाचतील, मग रात्री बायको वाचेल, मग माझं जेवण, माझी झोप आणि उरलेला संसार कुठल्या दिशेने जाईल, ते डोळ्यांपुढे उभं राहिलं.

सासूबाईंनी मान पुढे काढली. कपाळावर हात धरला. “खाली काहीतरी आहे. पांढरं पांढरं. रंग उडालाय का?”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला कोणी नावं ठेवली आणि मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं! हो, उडालाय, छपाई बिघडलीय, असं मी भराभरा बोलून गेलो. पण त्या कुठल्या ऐकतात? जवळून बघते म्हणून त्या निघाल्या. चष्मा पिशवीत होता, तो त्यांनी चालता चालता शोधायला घेतला. मी त्यांच्यापुढे धावलो. एका स्कूटरवाल्याने माझा उद्धार केला. पेपरवाला तो नमुना एका गिऱ्हाइकाला दाखवत होता. मी तो हिसकावला, चौघडी केली आणि शर्टात कोंबला.

“दाखवा की,” चष्मा लावून सासूबाई आल्या.

“शाई ओली आहे अजून.”

“आणि शर्टात घातलीत?” त्या हसल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “मला वाटायचं, माझी अडचण होते तुम्हाला. उद्याच जाणार होते. आणि तुम्ही तर मुखपृष्ठावर घातलंत मला.”

मला खरोखर लाज वाटली. भाजीची पिशवी मी त्यांच्या हातातून घेतली. शर्टातला कागद पोटाला टोचत होता, पण सुटलो होतो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी आधी बहिणीला, मग विहीणबाईंना, म्हणजे माझ्या आईलाच फोन लावला. अंक हातात पडेपर्यंत आता हलणार नाही, हे दोघींनाही कळवलं. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि संपादकांना फोन केला. सासूबाई विशेषांक काढायलाच हवा, असं इतक्या कळकळीने पटवलं की ते तयार झाले. “ठीक आहे,” ते म्हणाले, “वर सासूबाई जाड अक्षरांत. खाली तुमच्या त्या नाजूक पांढऱ्यात काय घालायचं?”

म्हटलं, काही नको. तिथे नुसता पिवळाच राहू द्या.