नऊ गाद्या आणि एकही प्रश्न नाही

"प्रश्न विचारणारा उमेदवार हमखास पडतो!" घरात पाऊल टाकताच दादाने जाहीर केलं. "मी एकही विचारला नाही. नुसती मान डोलावली. वीस मिनिटांत ऑफर लेटर हातात!"

"विकायचं काय आहे?" आईने विचारलं. आई निवृत्त शिक्षिका. दुपारी चार ते सहा पुढच्या खोलीत शेजारपाजारची अकरा मुलं घेऊन बसायची. प्रश्न विचारणं ही तिची जुनी खोड.

"गाद्या."

"ऑफिस कुठे? माल कुठे ठेवायचा? महिन्याला किती विकायच्या? नाही विकल्या तर?"

"आई, मोठ्या कंपनीत असं खोदून विचारत नाहीत. बरं दिसत नाही!"

खरं तर फॉर्मवर एक रकाना होता : 'नमुने कुठे पाठवावेत?' नव्या माणसाला एखादी उशीबिशी भेट देत असतील, असं दादाला वाटलं. त्याने ऐटीत घरचा पत्ता लिहिला.

सोमवारी टेम्पो आला. एक गादी उतरली. दुसरी उतरली. नऊ गाद्या उतरल्या! घर दोन खोल्यांचं. आईचा फळा गाद्यांच्या डोंगरामागे गडप झाला आणि वर्ग स्वयंपाकघरात गेला. दादाची बायको भाजी चिरतेय आणि तिच्या कोपराशी अकरा जण सातचा पाढा ओरडताहेत, असा देखावा रोजचा झाला.

"परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय," आई शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलली की घर हादरायचं. "शनिवारपर्यंत खोली मोकळी नाही झाली, तर वर्ग बंद. मुलांना ओट्याखाली बसवून मी शिकवणार नाही."

दादाने तातडीने दारावर पाटी लावली : 'झोपून बघा, मग घ्या!'

लोक आले. आले आणि झोपले! कोपऱ्यावरचा शिंपी जेवून यायचा आणि दोन तास ताणून द्यायचा.

"कशी वाटली?"

"अजून नक्की होत नाही. उद्या पुन्हा बघतो!"

शुक्रवारी पाच गिऱ्हाइकं एका सुरात घोरत होती. सहावं चहा मागत होतं. सातव्याने तर दादाच्या बायकोला सांगितलं, "वहिनी, पाचला उठवा हं!" आणि वहिनीने दादाकडे असं पाहिलं की त्याची पुढच्या सात जन्मांची झोप उडाली. तशीही ती उडालेलीच होती. विकायचा माल मळू नये म्हणून घरचे चटईवर झोपत होते आणि दादा खुर्चीत बसून पेंगत होता. विक्री शून्य! झोप फुकट मिळत असताना गादी कोण घेणार?

शनिवारी मॅनेजर पाहणीला आले. आज सगळं स्पष्ट बोलायचं, असं दादाने ठरवलं होतं. आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिलं होतं.

"काय, काही अडचण?" मॅनेजरनी विचारलं.

"छे छे, सर! उत्तम!" आणि मान डोलली. मेली, सवयीने डोलली!

आईने कपाळावर हात मारला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दोन वेण्यांची एक मुलगी वही घेऊन पुढे आली.

"काका, या गाद्या आमच्या वर्गात का ठेवल्यात?"

"वर्गात? यांनीच हा पत्ता दिला, बाळ."

"दुसरीकडे ठेवता येत नाहीत?"

"येतात की. कंपनीचं गोदाम आहे ना! निम्मं रिकामं पडलंय."

"मग गिऱ्हाइकांना काय दाखवायचं?"

"गादीच्या छोट्या तुकड्यांची एक पिशवी मिळते. मागितली की."

"आणि एकही गादी विकली नाही तर?"

"पहिल्या तीन महिन्यांत कुणी काही म्हणत नाही. शिकायचा काळ असतो तो."

मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं. "हे दादाला का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलंच नाही!" मॅनेजर हसले. "आम्हाला वाटलं, यांना सगळं ठाऊक असेल."

तासाभरात टेम्पो आला, गाद्या गेल्या. फळ्यावरची धूळ पुसून आईने वर्ग सुरू केला. शेवटच्या रांगेतून एक मोठा हात हळूच वर आला. खुर्चीत बसून बसून त्या हाताच्या मालकाची मान एका बाजूला कायमची कलली होती.

"बोल," आई म्हणाली.

"बाई," दादाने विचारलं, "मी आता झोपू का?"

"शाबास!" आई म्हणाली. "सहा दिवसांत पहिला कामाचा प्रश्न! झोप."

पण ते ऐकायला दादा जागा होताच कुठे?