बिनकॅफीन असल्याचे मानण्यात येते

"काल रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही," आर्विड लुंडे कपात बघत पुटपुटला. "खरी कॉफी पाजतात मला इथे."

हे तो स्वतःशीच म्हणाला असला, तरी सोलवेग ब्रेकेच्या कानापासून वीतभर अंतरावर म्हणाला, कारण त्याचा कप तीच भरत होती. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात लूथरन चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी कित्येक वर्षं तिच्याच हातची. पिंपं दोन. काळ्या तोटीचं नेहमीच्या कॉफीचं. नारिंगी तोटीचं कॅफीन काढलेल्या कॉफीचं, म्हणजे हृदयवाल्यांसाठी, रक्तदाबवाल्यांसाठी आणि रविवारची दुपार झोपून काढणाऱ्यांसाठी. आर्विडचा कप याच पिंपातला. नारिंगी पिंपावर कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर आर्विडच्या बायकोनं, मार्गिटनं, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'बिनकॅफीन'. मार्गिट पानगळीत वारली. पट्टी होती तिथेच राहिली.

दुसऱ्या एखाद्या गावात कुणीतरी सरळ विचारलं असतं, "सोलवेग, यात घालतेस काय?" पण इथे माणसाला थेट विचारणं म्हणजे त्याच्या दिवाणखान्यात बर्फाचे बूट घालून शिरणं. त्यामुळे विषय चर्चच्या कार्यकारिणीपुढे गेला.

कार्यकारिणीत लॉवेल हागेडोर्न होते. कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर ऐकायला कुणी न उरलेले.

"नारिंगी पिंपात बिनकॅफीन आहे," ते म्हणाले, "हे आपल्याला माहीत आहे, की आपण तसं मानतो?"

"पट्टीवर लिहिलंय की," पास्टर क्रिस्टन म्हणाल्या.

"लिहिलंय म्हणून खरं धरायचं?"

बायबल नेमकं डोक्यावरच्या मजल्यावर उघडं होतं. पास्टरबाईंनी घाईनं विषय बदलला. "मग सोलवेगलाच विचारू या का?"

"कॉफी तीच करते. तिचा हितसंबंध आला. तिची साक्ष ग्राह्य नाही."

सोलवेग तिथेच बिस्किटं मांडत होती. तिनं बशी जरा जोरात ठेवली. त्या गावात याला आरडाओरडा म्हणतात.

रीतसर 'श्रद्धा व ज्ञान उपसमिती' नेमण्यात आली. पुरावा मिळेपर्यंत खबरदारी म्हणून जुनी पट्टी खरवडून नवी छापील पाटी लावण्यात आली: 'या पिंपातील द्रव बिनकॅफीन असल्याचे मानण्यात येते.' जुनी पट्टी कचऱ्यात गेली. आर्विडनं ती उचलून कोटाच्या आतल्या खिशात घातली. हे फक्त सोलवेगनं पाहिलं आणि गावच्या रीतीप्रमाणे पाहिलं नाही असं दाखवलं.

तत्त्व एकट्या पिंपाला लावणं पक्षपाती ठरलं असतं. म्हणून दारावर 'बाहेर जाण्याचा मार्ग असल्याचे मानण्यात येते' अशी पाटी आली. तशीच महिलांच्या स्वच्छतागृहावर आली, तेव्हा आतून एखादी महिला बाहेर पडेपर्यंत बायका पुराव्याची वाट बघत बाहेर ताटकळू लागल्या. सहभोजनात नूडल्सच्या एका भांड्यापुढे 'ट्यूना मासा असल्याचे मानण्यात येते' असं झळकलं, आणि करणारी बाई झाकण लावून भांडं घरी घेऊन गेली. त्या भांड्याबद्दल मात्र लोकांना पहिल्यापासूनच शंका होती.

मग एका रविवारी मंडळी उभी राहून "देवावर मी विश्वास ठेवतो" असं म्हणत असताना मागच्या बाकावरून एक मुलगी आईला मोठ्यानं म्हणाली, "इथे पाटी नाही लावली?"

पास्टरबाई तडक तळघरात उतरल्या. "लॉवेल, पिंपाचा निकाल लावा बघू. नाहीतर तुमची समिती जिना चढून वर येणार."

लॉवेलनी प्रयोग केला. उपदेशाआधी अर्ध्या मंडळींना काळ्या तोटीची कॉफी दिली, अर्ध्यांना नारिंगी. कोण जागं राहतं ते पाहायचं. सगळेच झोपले. अहवालात नोंद झाली: 'उपदेशापुढे दोन्ही द्रव निष्प्रभ.' पास्टरबाईंनी ती ख्रिस्ती वृत्तीनं वाचली.

शेवटी ठराव आला. दोन्ही पिंपं काढायची, एकेका कपाच्या तयार कुपीवर चालणारं कॉफीचं यंत्र बसवायचं आणि सोलवेगला आभारपूर्वक विश्रांती द्यायची. प्रत्येक कुपी सीलबंद, वर छापलेलं.

"पण छापलेलं आपण मानतच नव्हतो ना?" पास्टरबाईंनी विचारलं.

"ते कंपनीनं छापलंय," लॉवेल म्हणाले. "तिथे श्रद्धेचा प्रश्न येत नाही."

विश्रांती म्हणजे काय ते सोलवेगला ठाऊक होतं. खिडकी, तळं, आणि कुणाचाही कप न भरता जाणारा रविवार. हात वर होऊ लागले तशी ती ॲप्रनची गाठ सोडत पुढे आली.

"डबा एकच आहे, नेहमीच्या कॉफीचा," ती म्हणाली. "मी आणि मार्गिट दोन्ही पिंपं एकाच डब्यातून भरायचो. तुम्ही सगळ्यांनी या स्वयंपाकघरात कप पुसलेत. फळीवर डबा एक आहे."

सगळे बुटांकडे बघू लागले. आश्चर्य कुणालाच वाटलं नव्हतं.

"मला साधारण कल्पना होती," लॉवेल म्हणाले.

"कल्पना, की माहीत होतं?" सोलवेगनं विचारलं.

"...माहीत होतं."

"मग इतकी वर्षं नारिंगीचीच कशी लागायची तुम्हाला?"

"तिनं मला झोप लागते," लॉवेल खालच्या आवाजात म्हणाले.

कुणीतरी हसलं. हसणं विरलं, तरी आर्विड नारिंगी पिंपापाशी उभाच होता. त्यानं खिशातली पट्टी काढली, अंगठ्यानं सरळ केली आणि छापील पाटीवर दाबली. ती चिकटेना. तो दाबत राहिला.

"अरे आर्विड," सोलवेग म्हणाली, "तुला तर डब्याचं मार्गिटनंच सांगितलं असेल. मग तक्रार कसली करत होतास?"

"घरी येऊन हसायची ती," तो म्हणाला. "ती गेल्यावर तुम्ही सगळ्यांनी माझ्या दारात जेवणाची भांडी ठेवलीत. बेल एकानंही वाजवली नाही. म्हटलं, कॉफीबद्दल बोललो तर निदान कॉफीबद्दल तरी कुणी विचारेल. तर तुम्ही समिती नेमलीत."

पट्टी पुन्हा सुटून त्याच्या हातात आली.

"कॉफीनं नाही गं जात माझी झोप. मार्गिट गेली हे मला माहीत आहे, सोलवेग. मानता येत नाही, एवढंच."