भिजवली की संपला

सोलापुरातल्या या घरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "शेजारी कुणीतरी कौलं फोडतंय." मी मधल्या भिंतीला कान लावला. कटकन आवाज, मग थोडा वेळ करकर, मग पुन्हा कटकन. कौलं नव्हती. शेजारचे शिवप्पा जेवत होते.

शिवप्पांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. मार्केटात त्यांचं ज्वारीचं दुकान होतं. माल मंगळवेढ्याचा, दुसऱ्या गावची ज्वारी ते कोंबड्यांनाही घालायला तयार नसत. दुकान गेलं, पण कपाळावरची विभूती आणि ताटातली कडक भाकरी काही सुटली नाही. ही भाकरी पातळ, वाळवून पापडासारखी झालेली. सगळे लोक ती मोडून आमटीत भिजवतात. अप्पांच्या मते तो गुन्हा. ते डब्यातून भाकरी काढायचे, टिचकी मारून कानाशी धरायचे आणि आवाज पटला तरच दाताखाली घ्यायचे. पाहुण्यालाही तीच भाकरी, आणि पाहुणा ती कशी खातो यावरून त्याचं वय ठरायचं.

"वय दाखल्यावर नसतंय, ताटात असतंय," ते म्हणायचे. "चावतोय तवर तरणा. हातानं बारीक मोडाय लागला की पोक्त. भिजवली की संपला."

कुस्करून खाणाऱ्यांबद्दल मात्र ते काही बोलत नसत.

बँकेतून रिटायर झालेले कदम केस काळे करून रोज सकाळी पळायला जातात. एकदा ते अप्पांकडे जेवायला बसले आणि बोलता बोलता तुकडा दह्यात बुडवला. अप्पा हात जोडून म्हणाले, "कदम, केसाला रंग लावलासा. दाताला काय लावणार?" कदम अजूनही पलीकडच्या बोळातून पळतात.

माझी पाळी पंचेचाळिशीत आली. दाढेतलं सिमेंट निघालं होतं, म्हणून मी तुकडा हळूच आमटीत सरकवला. दुसऱ्या दिवशी चिंचोळीला कामावर जायला बसस्टॉपवर उभा होतो, तर समोरून अप्पा ओरडत आले, "माने भिजवाय लागला बगा!" कंपनीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो, पण त्याच आठवड्यात दाढ नीट करून घेतली. असा तो माणूस.

मग अप्पांचेच दात जायला लागले. आधी पुढचे, मग डावी बाजू. गल्लीला वाटलं, आता सापडले. पण अप्पा उजवीकडच्या उरलेल्या दाढांवर भाकरी फोडत राहिले. गेल्या हिवाळ्यात त्या बाजूचा गाल सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, सगळे काढा, तुम्हाला साखर आहे, पू रक्तात गेला तर जिवावर बेतेल. अप्पा म्हणाले, "बगू की." गाल फुगत गेला, ताप आला, तरी भिंतीपलीकडची कटकट थांबेना. मध्येच कण्हणं ऐकू यायचं. बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन ओरडा त्यांना, ऐकवत नाही."

मी गेलो. अप्पा बाहेरच्या खोलीत ताटासमोर बसले होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि भाकरी चावणं चालू होतं.

"अप्पा, हा हट्ट झाला," मी आवाज चढवला. "म्हातारे झालात, कबूल करा की एकदाचं!"

त्यांनी हातानं मला गप्प केलं आणि पुन्हा एक तुकडा फोडला. तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, "बंद्रेन्री?"

आलात का? अप्पांची बायको, गौरव्वा. दोन-तीन वर्षांत ती आम्हाला दिसली नव्हती. तिला आठवत नाही एवढंच ठाऊक होतं.

"बंदे, बंदे," अप्पा कानडीतच म्हणाले. आलो, आलो.

मग माझ्याकडे वळले. "तोंड वळखत न्हाई ती माजं. तसाच आत गेलो तर पदर घेतीया तोंडावर. परका माणूस घरात घुसला म्हणून वरडतीया, अन्नाला शिवत न्हाई. दुकानातनं आलो की मी हितंच बसून भाकरी फोडायचो. त्यो आवाज तेवढा ऱ्हायलाय तिच्यापाशी. दात गेलं की मी गेलो की रं, माने."

त्यांच्या हातात वाटी होती. वाटीत दुधात भिजवून, कुस्करून लगदा केलेली भाकरी होती. ती घेऊन ते आत गेले.

तापात ग्लानी आली तेव्हा मीच त्यांना रिक्षात घालून नेलं. दाढा काढाव्याच लागल्या. दुसऱ्या दिवशी घरी आणलं. तोवर माझी बायको गौरव्वापाशी बसली होती, पण म्हातारीनं पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नव्हतं. अप्पा तडक आपल्या जागी बसले. डब्यातली भाकरी काढली, टिचकी मारली आणि हातानं मोडली. कट्. आतून काही नाही. पुन्हा मोडली.

"यारदु?" आतून घाबरलेला आवाज आला. कोण आहे? अप्पा वाटी घेऊन दारापर्यंत गेले आणि ती किंचाळली.

ते परत आले, भिंतीला टेकून बसले. गाल आत गेलेले, तोंडात कापूस. एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. मला फार भीती वाटली, त्यांच्याबद्दल आणि खरं सांगायचं तर माझ्याबद्दलही. काय करावं कळेना म्हणून मी त्यांच्या ताटासमोर बसलो, भाकरी उचलली आणि दाताखाली धरून फोडली. कटकन. मग चावत राहिलो, अप्पा चावायचे तसा, सावकाश, आवाज करत.

बराच वेळ गेला.

"बंद्रेन्री?"

अप्पा उठले. कापूस काढला. "बंदे, बंदे," शब्द धड फुटत नव्हते, पण ते वाटी घेऊन आत गेले आणि ती ओरडली नाही.

आता संध्याकाळी कंपनीतून आलो की मी आधी तिकडे जातो. परवा वाटी घेऊन आत जाता जाता अप्पा दारात थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माने," ते म्हणाले, "एवढ्यात भिजवू नकोस रं."

नीट केलेली दाढ आठवडाभर पुन्हा ठणकतेय, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढचा तुकडा तोंडात टाकला.