बरोब्बर तेवीस किलो

पार्सलरावांनी पोस्टाच्या पार्सल खिडकीवर तीस वर्षं काढली होती. (हे नाव सासरच्यांनी ठेवलेलं. आता त्यांची आईसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारते.) त्यामुळे परदेशात मेहुणीकडे तीन आठवडे पाहुणचार झोडून परतायचा दिवस उजाडला, तेव्हा त्यांनी सकाळीच जाहीर केलं, "बॅग मी भरणार. कुणी हात लावायचा नाही."

साडूंनी एक छोटा वजनकाटा पुढे केला. "याला बॅग अडकवली की लगेच आकडा दिसतो."

"ते खेळणं ठेवा तिकडे." पार्सलरावांनी उजवा हात दाखवला. "हा काटा तीस वर्षांत चुकलेला नाही."

तिकीट स्वस्तातलं, म्हणून दोघांत मिळून एकच बॅग आणि मर्यादा तेवीस किलोंची. कोपऱ्यावरच्या दुकानात निळ्या काठाचा टी-सेट होता, सहा कप आणि किटली. बायको रोज त्या काचेपाशी थबकायची, 'नको, वजन होईल' म्हणायची आणि पुढे निघायची. आज पार्सलराव छाती काढून म्हणाले, "घे. वजन माझ्यावर सोड." तिने त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की त्यांना आणखी दोन टी-सेट घ्यावेसे वाटले.

घरी येऊन त्यांनी टी-सेटचं कागदी पुडकं केलं, सुतळीने आवळलं आणि बॅगेच्या तळाशी घातलं. मग डोळे मिटून बॅग उचलली. "बावीस किलो नऊशे." आणि ते शीळ घालत आंघोळीला गेले.

परत येऊन सहज उचलली, तर पंचवीस! हात गेला की काय? बॅग उघडली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आत अक्रोडांची दोन पाकिटं, साबणाच्या वड्या आणि मुरंब्याची बरणी होती. मेहुणीचं काम. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, आणि समोर दिलं तर तो नको म्हणतो, म्हणून ती चोरून भरायची. पार्सलरावांनी सगळं चोरूनच काढलं आणि पलंगाखाली सरकवलं.

जेवून आले, तर अक्रोड पुन्हा बॅगेत. साबण, बरणी, शिवाय दोन स्वेटर आणि वर फितीने बांधलेला बुटांचा खोका. हद्द झाली. खाली टॅक्सी आलेली, जिन्यावरून साडू हाका मारत होते. एकच वस्तू काढायला वेळ होता. त्यांनी सगळ्यांत जड तो खोका उचलून पलंगाखाली ढकलला आणि बॅग पेलून पाहिली.

"तेवीस," ते धापा टाकत म्हणाले.

विमानतळावर काट्याने बरोब्बर तेवीस दाखवले. पार्सलरावांनी काउंटरवरच्या बाईंना आकडा दोनदा वाचायला लावला, मग मागच्या अनोळखी गृहस्थांनाही दाखवला. बायकोने फोटो काढला. आयुष्यात इतका मान त्यांना बढती मिळाली तेव्हाही मिळाला नव्हता.

घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने नणंदेला आणि चार शेजारणींना चहाला बोलावलं. नव्या कपांतून. आधण ठेवून तिने सगळ्यांसमोर बॅग उघडली. अक्रोड निघाले, साबण निघाला, बरणी निघाली.

"अहो, बुटांचा खोका कुठाय?"

"तो? तो मी काढला. तुझ्या बहिणीला काही सुमार आहे का? कितीदा काढायचं माणसानं?"

"तो माझा होता. तुमच्या सुतळीचा भरवसा नव्हता मला. एकेक कप तुमच्या बनियनमध्ये गुंडाळून खोक्यात घातला होता मी."

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणीचा आवाज भरून आला होता. "ताई, पलंगाखाली सापडला गं खोका. स्वतःसाठी घेतेय म्हणालीस, तेव्हाच मला शंका आली होती. आज पाहुण्यांना त्या कपांतूनच चहा दिला. पण भाऊजींचे बनियन का घातलेस त्यात? धुऊन ठेवलेत मी."

बायको म्हणाली, "राहू देत. पुसायला घे ते. आणि टी-सेट तुझ्यासाठीच होता, दुसऱ्या कुणासाठी असणार?"

फोन ठेवून ती आत गेली. जुन्या, कडा उडालेल्या कपांतून सगळ्यांना चहा दिला. सर्वांत शेवटी पार्सलरावांच्या हातात त्यांचा कप ठेवला.

"सांगा बघू, किती आहे?"

पार्सलरावांनी कप पेलला. तीस वर्षांचा हात होता, आत डोकावायची गरजच पडली नाही. कप रिकामा होता.